कोणीच न घातलेला कोट

मित्रांनो, मी एक जुना खाकी लष्करी कोट आहे. वय शंभराच्या वर, पण माझी बटणभोकं पाहिलीत तर वाटेल, कालच शिवलीत. मला आजवर कोणी घातलंच नाही. का, ते सांगतो, आणि रागानेच सांगतो.

मी इंग्लंडात जन्मलो, पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत. शिवणारी बाई म्हणाली होती, "हा ज्याला मिळेल तो थंडीने नाही मरायचा." केवढा फुगलो होतो मी! मग एका जानेवारीत मला कोठडीत नेलं. तिथे एडविन पेल होता. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा साधा माणूस. त्याचं म्हणणं एवढंच, की मी कुणाला मारणार नाही. अशांना सैन्यभरतीतून सूट मागायची सोय कायद्यात होती, पण पंचांनी पाच मिनिटांत त्याचा अर्ज फेटाळला आणि त्याला सक्तीने फौजेत ओढलं. तो गणवेश घालीना. शिपायांनी त्याचे स्वतःचे कपडे काढून घेतले, मला समोर टाकलं आणि म्हणाले, "थंडी वाजली की घाल."

तीन दिवस तो उघडा कुडकुडला आणि मी हातभर अंतरावर नुसता पडून राहिलो. ऊब द्यायला जन्मलेल्या माझा त्यांनी छळासाठी वापर केला. मला तळपाय नाहीत, नाहीतर त्यांची आग मस्तकात गेली असती. एडविनने मला हातही लावला नाही. मग सक्तमजुरी. युद्ध संपल्यावरही अशा लोकांना पाच वर्षं मत देऊ दिलं नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय!

मला परत फौजेच्या कोठारात टाकलं. तिथल्या कारकुनाने ही हकीकत एका पुठ्ठ्यावर लिहून माझ्या आतल्या खिशात ठेवली. पुढे पेट्या, लिलाव, दुकानं करत मी समुद्र ओलांडला. यंदा नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या जुन्या बाजारात विश्वास नावाच्या मराठी माणसाने मला उचललं. तो रॉटरडॅमला आयटीत आहे, राहतो शेजारच्या कापेल गावात. मराठी मंडळात प्रजासत्ताक दिनाची वेशभूषा स्पर्धा होती आणि आपल्या दहा वर्षांच्या मुलीला, वैदेहीला, शूर सैनिक करायचं त्याच्या मनात होतं. इंग्रजांचा असला म्हणून काय झालं, खाकी ती खाकी.

बाह्या आखूड करायला तिची आई लतिका कात्री घेऊन बसली. बटणभोकावरून अंगठा फिरवून म्हणाली, "विश्वास, अरे हा कुणी कधी घातलेलाच नाही." मग खिशात पुठ्ठा सापडला. वैदेहीने तो दोनदा मोठ्याने वाचला.

विश्वासचा चेहरा पडला. "म्हणजे भित्र्याचा निघाला. ते कार्ड राहू दे आत. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

भित्रा म्हणे. आपण घरात हीटर लावून बसायचं आणि त्याला भित्रा म्हणायचं!

"बाबा, त्याला थंडी वाजत होती," वैदेही म्हणाली, "अँड ही स्टिल सेड नो."

स्पर्धेच्या दिवशी तिने मला हातावर घेतलं आणि स्टेजवर गेली. अंगात पातळ सदरा, पाय अनवाणी. मला हातभर अंतरावर जमिनीवर ठेवलं आणि गप्प उभी राहिली.

परीक्षक नीलांबरीताईंनी विचारलं, "बाळ, पोशाख कुठंय तुझा?"

"घातला नाही," वैदेही इंग्रजी न मिसळता चक्क मराठीत म्हणाली. "मी एडविन पेल. मला कुणाला मारायचं नाहीये."

मागे कोणीतरी हसलं. पोशाखच नाही म्हणून गुणही शून्य. मला पुन्हा हातावर घेऊन ती खाली उतरली तेव्हा तिचे दात वाजत होते. विश्वास उठून आमच्याकडे आला. मला वाटलं, आता हा मला तिच्यापुढे धरणार आणि म्हणणार, घाल आता तरी. पण त्याने अंगातलं स्वतःचं जाकीट काढलं आणि तिला गुंडाळलं. "किती गार पडलीयेस," एवढंच म्हणाला. मग गुडघ्यावर बसून त्याने माझी नीट घडी घातली आणि पुठ्ठा बाहेरच्या खिशात दिसेल असा खोचला.

त्या कोठडीत कोणीतरी एवढंच करायला हवं होतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, त्यांच्या खिशातली हकीकतही जपा. आणि कुणी कुडकुडत असेल तर आधी पांघरूण घाला. अट घालू नका.