चांदीचं शिळं पाणी

काचेला चांदी चढवून आरसे करणाऱ्या त्या कारखान्यात दादाची बावीस वर्षं गेली होती. धाकट्या भावाला त्यानेच तिथे चिकटवून दिलं, आणि तेव्हापासून त्याच्या जिवाला चैन नव्हती. धाकट्याचं काम देखणं. नाट्यगृहाच्या भल्यामोठ्या आरशाचं काम आलं, तेव्हा मालकांनी ते सरळ धाकट्याला दिलं. दादाचा नुसता तिळपापड झाला. मग तो ऊठसूट खोट काढू लागला: काच नीट धुतली नाहीस, पाणी गार आहे, ओतताना हात कापतोय. धाकटा हसण्यावारी नेई.

कारखान्याचा नियम एकच, पण कडक. अमोनिया घातलेलं चांदीचं पाणी सकाळी करायचं आणि उरलेलं त्याच दिवशी निकामी करून टाकायचं. शिळं झालं की त्यात काळी कणी धरते, आणि मग बाटली नुसती हलली तरी, कधी आपोआपही, स्फोट होतो.

सोमवारी दादा आत आला तर धाकटा मोरीपाशी उभा, आणि फळीवर शनिवारच्या उरलेल्या पाण्याची बाटली. एवढी चांदी फेकणं धाकट्याच्या जिवावर आलं होतं. बाटलीच्या गळ्याशी काळं कडं दिसत होतं.

"हात लावू नकोस," दादा म्हणाला.

धाकट्याने वळूनही पाहिलं नाही. "आता बाटलीतही खोट का? दादा, तुला माझं काम बघवत नाही, एवढंच." आणि त्याने हात पुढे केला.

क्षणभर दादाला वाटलं, गप्प राहावं. त्या वाटण्यानेच त्याच्या अंगावर काटा आला. पण आता नियम सांगून धाकट्याला पटणार नव्हतं.

"नाही बघवत," तो म्हणाला. "जळतो मी तुझ्यावर. आजवर काढलेली प्रत्येक खोट मी रचलेली. ही नाही रे."

धाकट्याचा हात हवेतच थांबला. दोघं मागच्या पावली बाहेर आले, दार ओढून घेतलं, सगळ्यांना रस्त्यावर काढलं. बोलावलेले अग्निशमनवाले पोचण्याआधीच आत धडाका झाला. मोरीची फरशी उखडली, खिडकीची तावदानं गेली.

मालकांनी मोठा आरसा धाकट्याकडून काढून दादाला दिला. दादाने नको म्हटलं नाही. धाकटा मुकाट्याने काच धुऊन देऊ लागला. दादा पाणी ओतत होता, पण त्याची नजर काचेवर नव्हती, धाकट्याच्या हातांवर होती.