तीन भुरी फुलपाखरं

दवाखान्यातून मेहुण्याचा फोन आला, तेव्हा मी घरी बायकोच्या टेबलाशी बसून फुलपाखरांखाली नंबरांच्या चिठ्ठ्या टोचत होतो. ती संग्रहालयात स्किपर नावाच्या छोट्या फुलपाखरांच्या जाती ठरवायची. ऑपरेशनला जाताना म्हणाली होती, "तुम्ही शिंपी, तुमचा हात टाचणीला सरावलेला. मी येईपर्यंत एवढं उरका."

ही फुलपाखरं वरून सगळी सारखीच भुरी. "अगदी माझ्या भावांसारखी," ती म्हणायची, "पोट तपासल्याशिवाय कळत नाही कोण कुठलं." म्हणून ती पोट वेगळं काढून कुपीत ठेवायची. कुपीवर जो नंबर, तोच फुलपाखराखाली.

"दाजी, ताई गेली," मेहुणा म्हणाला. मी उठलो आणि कोपर लागून ट्रे पडला. शेवटची तीन फुलपाखरं आपापल्या चिठ्ठीशेजारी ठेवलेली होती. ती जमिनीवर चिठ्ठ्यांसकट एकमेकांत मिसळली.

महिन्याने तिचे साहेब तो ट्रे घेऊन घरी आले. "यातलं एक नव्या जातीचं आहे. वर्णन त्यांनी लिहून ठेवलंय."

"मग छापा की."

"त्यासाठी पंख आणि पोट एकाच फुलपाखराचं हवं. कोणत्या पंखांचं कोणतं पोट, सांगता येईल?"

मी चष्मा लावून पाहिलं, तिन्ही सारखीच भुरी.

"नमुने फार जुने आहेत. डीएनए तपासणीतूनही काही निघालं नाही."

पस्तीस वर्षांत मी गिऱ्हाइकाचं एक माप चुकवलं नाही.

तीन फुलपाखरं, तीन कुप्या आणि तीन चिठ्ठ्या माझ्या मशीनशेजारी आहेत. तिने सांगितलेलं काम अजून उरकलेलं नाही.