तेरा मिनिटं आणि हॉलिसचं दार

अलाबामातल्या त्या वृद्धाश्रमाचा नियम साधा होता. आगीची घंटा वाजली की तेरा मिनिटांत सगळ्यांनी अंगणातल्या पेकनच्या झाडाखाली जमायचं. दोनदा सराव झाला, दोन्ही वेळा सोळा मिनिटं लागली. आजही उशीर झाला, तर सर्वांत हळू चालणाऱ्या व्हर्नेलबाईंना साठ मैलांवरच्या नर्सिंग होममध्ये हलवणार होते.

खरं तर घोळ घालायचा हॉलिस. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा हा गृहस्थ टोपी काढून दार धरायचा आणि शेवटची बाई बाहेर पडेपर्यंत हलायचा नाही. बायकाही काही कमी नव्हत्या. दार धरणाऱ्याच्या गुडघ्याची, लेकीची, कुत्र्याची विचारपूस न करता पुढे जायचं म्हणजे आईबापांचं नाव बुडवायचं! मागे रांग खोळंबायची.

"खरी आग लागली तरी असंच करणार का हो?" व्हर्नेलबाईंनी काल विचारलं होतं.

"मिस व्हर्नेल, बायकांच्या आधी बाहेर पडलो तर माझी आई कबरीतून उठून कान पिरगाळेल."

त्याच्यापुढे डोकं फोडून उपयोग नव्हता. मग त्यांनी बायकांनाच दम भरला, "दारात तोंड उघडलंत, तर माझ्या हातचा पीचचा केक विसरा."

घंटा वाजली. एकेक बाई ओठ घट्ट मिटून हॉलिससमोरून गेली.

"माझं काही चुकलं का?" तो बिचारा रडवेला झाला.

सगळ्यांत शेवटी वॉकर ढकलत व्हर्नेलबाई आल्या.

"बारा मिनिटं!" झाडाखालून घड्याळ घेऊन उभी असलेली तपासनीस मुलगी ओरडली.

समोर एवढं गवत, त्यात वॉकरची चाकं रुतणार. व्हर्नेलबाईंनी वॉकर तिथेच सोडला.

"हॉलिस, दार सोडा. मला हात द्या."

बाईने हात मागितल्यावर नाही म्हणायला आईने शिकवलंच नव्हतं. दोघं जोडीने निघाली.

"बारा पन्नास! पास!"

व्हर्नेलबाई हसता हसता रडल्या. इतका वेळ बोलणं दाबून धरलेल्या बायका हॉलिसवर तुटून पडल्या, "गुडघा कसा आहे? लेक आली होती का?"

"मिस व्हर्नेल, आता हात सोडलात तरी चालेल," तो लाजून म्हणाला.

"कोण म्हणतं?"

परत आत जायला पाऊण तास लागला. दाराची एक फळी हॉलिसने धरली होती. दुसरी धरून, त्याच्या खांद्याला टेकून, व्हर्नेलबाई उभ्या होत्या.