पाहुण्यांसाठी रिकामी बस

माझ्या दादाने जन्मभर बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर वहिनीची बस घालवली. हे मी त्याच्या तोंडावर बोलले आहे, तेव्हा पाठीमागे बोलते असं कुणी म्हणू नये.

आमची वस्ती टेकडीवर. खाली शहरात जायला एकच बस, आणि महापालिका तिचं अनुदान कापायला टपलेली. वहिनीला डायलिसिसला त्याच बसने जावं लागे. टॅक्सी आम्हाला झेपणारी नव्हती. माझ्या शिलाईवर घर कसंबसं चालायचं, दादाचं पेन्शन औषधांत जायचं. बस बंद झाली तर वहिनी वाचणार नव्हती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

म्हणून दादा पेटून उठला. सह्या गोळा केल्या, सभा घेतल्या, नगरसेवकाच्या दारात चपला झिजवल्या. "बस म्हणजे काय दुकान आहे, नफा बघायला? रस्त्यावरच्या दिव्याला कुणी विचारतं का, तू कमावतोस किती?" तो असं बोलायला लागला की मलासुद्धा अभिमान वाटायचा. शेवटी परिवहन समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "आम्ही स्वतः येऊन त्या बसने जातो. बघू गरज किती आहे ते."

झालं! दादाच्या अंगात जुना ड्रायव्हर संचारला. साहेब बसणार म्हटलं की गाडी चकाचक हवी, ही त्याची जन्माची खोड. आदल्या दिवशी डेपोत जाऊन त्याने स्वतः सीटा पुसल्या. मग दारोदार फिरला. "उद्या पाहुणे आहेत. धक्काबुक्की, पिशव्या, रडकी पोरं नकोत. सकाळच्या फेरीला गर्दी करू नका. एक दिवस चाललात तर पाय गळून पडणार नाहीत."

"अरे, त्यांना गर्दीच तर दाखवायची ना?" मी म्हणाले.

"तू मशीन चालव. बसमधलं मला कळतं."

एरवी याचं कुत्रंही ऐकत नाही. त्या दिवशी नेमकी सगळी वस्ती ऐकून गुमान चालत गेली.

वहिनीचा तो डायलिसिसचा वार. "अहो, मी तरी येऊ ना?" तिने विचारलं.

"पाय बघ किती सुजलेत. चढायला वेळ लावशील, बाईंसमोर बरं दिसत नाही. पुढच्या फेरीने ये."

वहिनी थांब्यावर बसून राहिली. मी तिच्या शेजारी, रागाने धुमसत. बस समोरून न थांबता गेली. खिडकीतून अध्यक्षबाईंनी हात हलवला, वहिनीनेही हलवला.

खाली उतरताना बाईंनी विचारलं, "बस छान आहे हो. पण माणसं कुठे आहेत?"

"तुमच्यासाठी मोकळी ठेवली," दादा छाती फुगवून म्हणाला. हे त्यानेच घरी येऊन कौतुकाने सांगितलं.

महापालिकेच्या सभेत रिकाम्या बसचा विषय निघाला. गर्दी आपणच थांबवली होती हे त्याने सांगून पाहिलं, तेव्हा लोक पोट धरून हसले. अध्यक्षबाई मात्र हसल्या नाहीत. "म्हणजे वस्ती चालत जाऊ शकते," त्या म्हणाल्या, आणि अनुदान कापलं गेलं, बस बंद झाली.

मग वहिनीच्या दवाखान्याच्या खेपा चुकायला लागल्या. कधी शेजाऱ्याची गाडी मिळायची, बहुतेकदा नाही. तिने दादाला एका शब्दानेही बोल लावला नाही. एका संध्याकाळी मात्र तो तिचे पाय चेपत असताना तिने विचारलं, "अहो, त्या दिवशी पाहुणे खूश झाले होते ना?" दादा उठून बाहेर गेला. मी मशीन थांबवलं नाही. त्याची दया यावी असं मला वाटलंच नाही.

वहिनी गेली तेव्हा शववाहिनी वर आली. तिच्या माहेरची माणसं शहराच्या दुसऱ्या टोकाला. म्हातारी सगळी, टेकडी चढणार कशी? दारात आम्ही दोघं आणि चार शेजारी.

दादाने खिशातून रुमाल काढला आणि गाडीतला बाक नीट पुसला. ड्रायव्हर म्हणाला, "काका, एवढीच माणसं? बाकीचे यायचेत का?"

"नाही," दादा म्हणाला. "मीच सांगितलं होतं सगळ्यांना, गर्दी करू नका म्हणून."