जयमालाने बसवलेला सेल्फ

शुक्रवारी सकाळी साडेसहाला जयमालाने किल्ली फिरवली, तर गाडीने नुसतं ‘कट्’ केलं. पुन्हा फिरवली, पुन्हा कट्. दिवे लख्ख लागत होते, हॉर्नही वाजत होता, पण इंजिन काही फिरेना. शेजारच्या सीटवर तिचे यजमान विलास डोळे मिटून बसले होते. त्यांनी डोळे न उघडताच सांगितलं, “बॅटरी ठीक आहे. सेल्फ गेला, स्टार्टर.”

विलासची सबंध नोकरी जासईकडच्या एका कंटेनर यार्डाच्या वर्कशॉपमध्ये झाली होती. शेवटची बारा वर्षं ते फोरमन होते. मग दोन वर्षांपूर्वी किडन्या गेल्या, आणि आठवड्यातून तीनदा नेरुळच्या डायलिसिस सेंटरला जाणं सुरू झालं. त्यासाठीच जयमाला वयाच्या बावन्नाव्या वर्षी गाडी शिकली. किती पाणी प्यायचं, काय खायचं, कधी झोपायचं, सगळं तीच ठरवत असे आणि विलास मुकाट्याने ऐकत. या ऐकण्याचंच तिला जास्त वाईट वाटे.

त्या दिवशी ती दोघं टॅक्सीने गेली. जाताना काही अडचण आली नाही. परतताना मात्र एकामागून एक तीन टॅक्सीवाल्यांनी भाडं नाकारलं. डायलिसिसनंतर विलासना उभं राहवत नसे. ते फुटपाथच्या कडेला बसले, डोक्यावर रुमाल धरून, पाऊण तास. जयमालाने ठरवूनच टाकलं, सोमवारी हे पुन्हा होऊ द्यायचं नाही.

गॅरेजवाला म्हणाला, गाडी ओढून न्यावी लागेल, बुधवारपर्यंत देतो. तिने फोन ठेवला तेव्हा विलास म्हणाले, “घरीच बदलू. सेल्फ शिवा त्याच्या दुकानातून आणून देईल.”

“आणि बसवणार कोण? तुम्ही?”

“तू. मी सांगतो तसं कर.”

तिला हसू आलं, पण त्यांचा चेहरा गंभीर होता. ती नाही म्हणू शकली नाही.

रविवारी नऊ वाजता जुईनगरच्या त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम सुरू झालं. विलास प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर जुनी हत्यारांची पेटी. जयमालाने जुना पंजाबी ड्रेस घातला होता आणि ओढणी कमरेला बांधली होती. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, बाकी सगळं त्यानंतर, हे त्यांनी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग एअर फिल्टरचा डबा निघाला, आणि खाली, इंजिनच्या कडेला, हातभर आत, सेल्फचं काळपट नळकांडं दिसलं. त्याची जाड वायर तिने सोडवली. वरचा बोल्टही निघाला. खालचा मात्र जागचा हलेना.

तिने स्प्रे मारला, थांबली, जोर लावला. पाना निसटला आणि बोटांची सालं निघाली. विलास खुर्चीतून उठले आणि त्यांनी डावा हात आत घातला. त्याच हाताला डायलिसिससाठी शीर जोडलेली. त्याच्यावर वजन घ्यायचं नाही, जोर द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. जयमालाने तो हात मनगटाच्या वरून हळूच धरला आणि बाहेर काढला.

“हात नको,” ती म्हणाली. “तोंड चालवा.”

ते परत बसले. पेटीतले पाने उगाच खालीवर करत राहिले. आपण फार बोललो की काय, असं तिला वाटून गेलं.

तेवढ्यात शिवा आला. शिवा ठाकूर जासईचाच. पोरवयात विलासच्या हाताखाली फिटर म्हणून लागला, आता उरण रोडला त्याचं स्पेअर पार्टचं दुकान. रविवारी दुकान बंद असूनही सकाळी उघडून त्याने सेल्फ आणला होता. त्याने बॉनेटमध्ये डोकावलं आणि बाह्या सावरल्या.

“वयनी, सरा. दोन मिंटांचं काम हाय.”

जयमाला सरणारच होती. विलास म्हणाले, “राहू दे शिवा. ती करतेय.”

शिवाने एकदा खुर्चीतल्या साहेबांकडे पाहिलं, एकदा तिच्या काळ्या हातांकडे. त्याला काय समजलं कोण जाणे, पण बाह्या पुन्हा खाली ओढून तो चाकाशेजारी उकिडवा बसला. “मंग सांगा सायेब,” तो म्हणाला.

आणि विलास सांगू लागले. पेटीतला लोखंडी पाइप पान्याच्या दांड्यावर चढव. हाताने नको, अंगाच्या भाराने ओढ. झटका देऊ नकोस, बोल्ट तुटेल. तिने चुकीच्या बाजूला जोर लावला तेव्हा ते खेकसले, “उलट! आवळतेयस तू!” दोन वर्षांत ते पहिल्यांदाच तिच्यावर ओरडले होते. जयमालाला राग यायला हवा होता, पण आला नाही. तिने बाजू बदलली, पाय रोवले, ओढलं. कर्रकन आवाज झाला आणि बोल्ट सुटला.

पुढचं सरळ गेलं. जुना सेल्फ तीन-चार किलोचा तरी असेल. तो तिने दोन्ही हातांनी बाहेर काढला. विलासनी दोन्ही सेल्फ शेजारी ठेवून टोकाच्या गिअरचे दाते मोजायला लावले. सारखे भरले. नवा ती आत सरकवत असताना शिवाने खालून आधार दिला. बोल्ट आवळले, वायर लागली, डबा बसला, शेवटी बॅटरीची वायर.

किल्ली तिनेच फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

शिवाला चहा-पोहे खायला घातल्याशिवाय तिने सोडलं नाही. निघताना तिने हात जोडले, तर तो संकोचला. “मी काय केलं, वयनी?” जे केलं नाहीस त्याबद्दलच, असं तिला म्हणायचं होतं, पण ती एवढंच म्हणाली, “आलास, बरं वाटलं.”

दुपारी ती विलासच्या पायांशी बसून आपल्या सोललेल्या बोटांना मलम लावत होती. “तुम्ही होतात म्हणून झालं हो,” ती म्हणाली. त्यांनी तिच्या हातातून ट्यूब घेतली आणि उरलेलं मलम स्वतःच लावलं.

सोमवारी सेंटरमध्ये मशीन लावून झाल्यावर ती औषध आणायला खाली गेली होती. परत आली तर आतून विलासचा आवाज ऐकू आला. शेजारच्या बेडवरच्या वामनकाकांना ते सेल्फची गोष्ट सांगत होते, खालच्या बोल्टासह, पाइपासह. तिथे एरवी ते कुणाशी शब्दही बोलत नसत.

“मिसेसनी बसवला,” ते म्हणत होते, “मी फक्त ओरडलो.”

वामनकाका हसले. जयमाला दाराबाहेरच्या बाकावर बसली. आपण आत गेलो तर ते बोलायचे थांबतील, म्हणून औषधाची पिशवी मांडीवर घेऊन ती तिथेच ऐकत राहिली.