धुलाईवाल्या बायका

“तू नुसते ओठ हलव,” मुकादमबाई पडद्याआड भोंगाबाईच्या कानाशी लागल्या. “रांग भरायला हवी म्हणून तुला उभं केलंय. आवाज काढू नकोस.”

भोंगाबाईने मान डोलावली. तिला हे नवं नव्हतं. जाडाभरडा, पुरुषी आवाज. धुलाई कारखान्यात सगळ्या तिला भोंगाच म्हणत आणि तीही बिनदिक्कत ओ देई. चादरी पिळणाऱ्या यंत्रांच्या घरघरीत तो आवाज खपून जायचा. त्या घरघरीतच या बायकांचं गाणं जमलं होतं. गाव कोळशाच्या खाणींचं. सकाळी वाळत घातलेलं पांढरं कापड संध्याकाळी करडं. त्यामुळे धुलाईला मरण नव्हतं आणि धुणाऱ्या हातांना उसंत नव्हती. गात गात काम उरकायचं, एवढंच त्यांना ठाऊक. आणि आज प्रांताच्या समूहगान स्पर्धेची अंतिम फेरी! गावात घरोघरी रेडिओ लागले होते.

पडदा सरकला. निवेदकाने त्यांच्या गावाचं नाव घेताच मागून कुणीतरी ओरडलं, “हात धुऊन आल्यात ना?” सभागृह खो खो हसलं.

मुकादमबाईंनी हात उचलला. पहिली ओळ बरी गेली. दुसरीला सूर घसरला, तिसरीला फुटलाच. जन्मभर यंत्रांच्या आधाराने गायलेल्या बायका. इथल्या शांततेत त्यांच्या पायाखाली जमीनच उरली नाही. शेजारी उभ्या असलेल्या धाकट्या जावेने भोंगाबाईचा हात घट्ट धरला.

“ताई, गेलं गं सगळं!”

भोंगाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्या बायकांचं हसं होतंय आणि आपण नुसते ओठ हलवायचे? तिने तोंड मिटलं, छाती भरून घेतली आणि यंत्रांचा तो खालचा सूर थेट पोटातून धरला. हुंकार रंगमंचाच्या फळ्यांतून बायकांच्या तळपायांत शिरला. मुकादमबाईंनी डोळे वटारले. मग तेच डोळे निवळले. एकेक आवाज त्या सुरावर येऊन टेकला. जावेचा गळा मोकळा झाला. शेवटच्या कडव्याला तर बायका अशा सुटल्या, की टाळ्या वाजवायचंही लोकांना उशिराने सुचलं. मग मात्र आख्खं सभागृह उभं राहिलं.

पहिला नंबर!

दुसऱ्या दिवशी बस गावच्या स्टँडात शिरली तेव्हा मुंगीला शिरायला वाव नव्हता. खाणीवरचे लोक पाळी संपवून तसेच, काळ्या चेहऱ्यांनी आले होते.

“आता इथे होऊन जाऊ द्या!” गर्दीतून एकच गलका झाला.

बायका बसच्या पायऱ्यांपाशी दाटीने उभ्या राहिल्या. मुकादमबाई घुटमळल्या, वळल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, “बाई, सूर तुम्ही द्या.”

भोंगाबाईने घाई केली नाही. जावेच्या हातातली बाटली घेतली, सावकाश दोन घोट पाणी प्यायली, ओठ पुसले.

तेवढा वेळ सगळं गाव गप्प उभं राहिलं.