गढी गल्लीचं शून्य

गढी गल्लीतल्या मारुतीसमोर त्या दिवशी मुंगी शिरायला जागा नव्हती. भुजंगबाबांनी लिंबू सगळ्यांना दिसेल असं उंच धरलं, त्याला सुरी लावली, आणि लिंबातून लालभडक रक्त निथळलं. बायामाणसांचे हात आपोआप जोडले गेले. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारबुवांनी तर डोळेच मिटून घेतले.

"बगा," बाबा म्हणाले, "ही तुमच्या गल्लीवरली नजर. ती कापली. आता चारी कोपऱ्याला खिळा ठोकला का शीव बांधली. मंग चोराचा बाप जरी आला तरी त्याला आत पाय टाकता यायचा न्हाई. टाकलाच तर जागच्या जागी आंधळा हुईल."

मी गर्दीच्या मागं उभा होतो. जास्वंदीचं फूल सुरीच्या पात्यावर चोळून वाळवलं आणि त्या सुरीनं लिंबू कापलं की रस लाल होतो, हे मला ठाऊक होतं. शेजारच्या माणसाला मी ते सांगितलंही. तो माझ्याकडं न बघताच म्हणाला, "साहेब, तुमी आपलं डासाचं बगा."

मी मलेरिया खात्यात इन्स्पेक्टर होतो आणि अख्खं जिंतूर मला 'डासवाले साहेब' म्हणायचं. लिंबाचं गुपित मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, पण त्यात मोठेपणा काही नाही, कारण बाबांची खरी हातचलाखी लिंबात नव्हतीच. ती कळायला मला दसरा उजाडावा लागला.

लोकांना हसून चालणार नव्हतं. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, तरी चोऱ्या सरल्या नव्हत्या. दोन्ही वेळची चूल पेटायला लागली, तसं माणसाला घरातली हंडा-कळशी जाण्याचं भ्यावही वाटायला लागलं होतं. म्हणून गल्लीचे पुढारी, कापसाचे अडते दिनकरराव, यांनी आखाडात बाबांना आणलं. गावाची शीव बांधतात तशी गल्लीची बांधायची होती.

खिळे ठोकून झाल्यावर बाबांच्या शिष्यानं घरोघर जाऊन काळा दोरा बांधला. दाराला नव्हे. "जितं तुमचा ठेवा आसंल तितं बांधायचा," असा बाबांचा हुकूम होता. मग सगळ्यांनी मारुतीपुढं बेलभंडार उचलून शपथ घेतली, आणि ती शपथ बाबांनी स्वतः सांगितली.

"बांधलेल्या घरात चोर शिरत न्हाई. शिरला, तर समजा त्या घरात पाप हाय. आन् त्या घरानं 'चोरी झाली' म्हनून तोंड उघडलं, तर समद्या गल्लीची बांधनी सुटंल. मंग पुढच्या चोरीचं पाप त्याच्या डोक्यावर."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी घरी जाऊन स्टोव्ह पेटवला.

घर म्हणजे त्याच गल्लीतली एक खोली. बायको वारल्यापासून मी बदल्या मागून घेत असे, म्हणजे कुठल्याच गावात कुणी फार विचारपूस करायच्या आत निघता येतं. जिंतूरच्या त्या खोलीची एक भिंत सरजाबाईंच्या घराला लागून होती. सरजाबाई माझ्यासारख्याच एकट्या, मूलबाळ नाही, नवरा जाऊन किती वर्षं झाली ते त्यांनाही नीट सांगता येत नसे. पण रोज दिवेलागणीला त्या नवऱ्याच्या फोटोशी भांडत. "तुमी गेलात, सुटलात. जवारीचा भाव काय झाला म्हाईत हाय का? आन् त्या टेलरनं चोळीचं कापड खाल्लं, त्याला कोन इचारनार?" भिंत पातळ होती. मी जेवण मुद्दाम त्याच वेळेला घ्यायचो. पंक्तीला कुणीतरी असल्यासारखं वाटायचं.

पोळा झाला आणि ते भांडण बंद पडलं.

त्याच सुमारास एका साप्ताहिकानं पोलीस ठाण्यातले चोऱ्यांचे आकडे गल्लीवार छापले. कोणती गल्ली सुरक्षित, कोणती नाही, असा नंबरच लावला होता. गढी गल्ली पहिली, बांधणीनंतर चोऱ्या शून्य. भीमनगर शेवटचं. दिनकररावांनी गल्लीच्या तोंडाशी पाटी ठोकली: 'चोरीमुक्त गल्ली'. वाचनालयाच्या ओसरीवर मग दुसरा विषयच राहिला नाही.

"आकडा खोटं बोलतो का गुरुजी?" दिनकररावांनी लिंबाजी गुरुजींना विचारलं. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे आणि राहायचे भीमनगरात. "आमचं शून्य सरकारी हाय. मी काय मनानं लिवलं न्हाई. तुमच्या वस्तीत काहीतरी खोट आसल्याबिगर इतक्या चोऱ्या हुतेत का?"

"आमच्यात कोंबडी गेली तरी मी मान्साला ठाण्यावर घेऊन जातो," गुरुजी शांतपणे म्हणाले. "लिहून घ्या मनतो. लिहिल्याबिगर आपलं कोनी ऐकत न्हाई, हे आमी लय ठेचा खाऊन शिकलोत. तुमच्या गल्लीतून ठाण्यावर शेवटी कोन गेलतं, सांगा बरं."

"जायची येळच येत न्हाई, तर जाईल कशाला?"

ओसरी हसली. गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. ठाण्यातला जमादार सरळ माणूस होता, जेवढं कुणी सांगे तेवढं तो लिही, आणि शून्य तर छापून समोर पडलं होतं. लिंबू कापून दाखवता येतं, पण शून्य कापून आत काय आहे ते कसं दाखवायचं, हे मला उमगेना.

दुसऱ्या दिवशी मी सरजाबाईंची कडी वाजवली. दार उघडायला त्यांना वेळ लागला. तोंड सुकलं होतं, डोळे आत गेले होते. चुलीत राख गार पडली होती.

"मावशी, ताप येतो का?"

त्यांनी मान हलवली. तरी मी त्यांचं बोट टोचून काचेवर रक्ताचा थेंब घेतला, कारण मला तेवढंच येतं. थेंब पसरताना माझी नजर कोपऱ्यातल्या संदुकीवर गेली. झाकण उघडं, आत एक जुनेर, आणि कडीला बाबांचा काळा दोरा तसाच बांधलेला. त्या संदुकीत काय असायचं ते भिंतीमुळं मला ठाऊक होतं. चांदीचे तोडे, स्वतःच्या अंत्यविधीसाठी राखलेले. "माज्या मातीला कुनापुढं हात पसरायला नगो," असं त्या फोटोला नेहमी सांगत.

"मावशी, तोडे कुठं आहेत?"

सरजाबाईंनी पदर तोंडात धरला. डोळ्यातून पाणी आलं, पण तोंड उघडलं नाही. मग एवढंच म्हणाल्या, "पापी घरात चूल कशाला पेटवायची, भाऊ?"

मी खोलीत येऊन बसून राहिलो. मला राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. ही बाई अशीच गप्प राहून मरणार, आणि भिंतीपलीकडून मला ते ऐकूसुद्धा येणार नाही.

त्यांच्या रक्तात मलेरिया निघाला नाही. पण ती काच बघताना मला माझंच काम आठवलं. माझ्या हाताखाली दोन कर्मचारी होते. एक घरोघर जाऊन तापाची चौकशी करायचा, ढीगभर काचा पाठवायचा, आणि त्याच्या गावांत मलेरिया सगळ्यात जास्त निघायचा. दुसरा पारावर बसून विड्या ओढायचा, एकही काच पाठवायचा नाही, म्हणून त्याच्या गावात कागदावर मलेरिया नव्हता. वरचे साहेब दुसऱ्याची पाठ थोपटायचे. मी त्या गावात गेलो तेव्हा घराघरात माणसं गोधड्या घेऊन कुडकुडत होती. विचारलंच नाही तर ताप निघत नाही. आणि इथं तर सांगायलाच बंदी होती.

मी गुरुजींना गाठलं. सरजाबाईंचं नाव न घेता सगळं सांगितलं.

"बेलभंडार उचललेली मानसं हायेत," गुरुजी म्हणाले. "दारात जाऊन इचारलं तर न्हाईच मनतील. अन् आनखी कुटं झाली आसली, तरी जो तो समजत आसंल की चोरी फक्त आपल्याच घरी झाली." मग ते म्हणाले, "साहेब, बोलू नगा मनलंय बाबानं. दाना टाकू नगा आसं कुटं मनलंय?"

दसऱ्याला भुजंगबाबा परत आले. आता इतर गल्ल्याही बांधणी मागत होत्या, आणि बाबांचा भाव वधारला होता. मारुतीसमोर पुन्हा तोबा गर्दी, त्यात गुरुजीही होते. मी पुढं होऊन हात जोडले.

"बाबा, भीमनगरचे लोक गढी गल्लीच्या शून्यावर संशय घेतात. आज त्यांची तोंडं बंद करून टाकू. प्रत्येक घराला एक ज्वारीचा दाणा आणि एक तुरीचा दाणा द्यायचा. घागरीवर कापड टाकायचं आणि त्याखाली हात घालून एकच दाणा आत सोडायचा. चोरी झाली नसेल तर ज्वारी, झाली असेल तर तूर. दुसरा दाणा मुठीतच घरी न्यायचा आणि कोंबडीला टाकायचा. कुणी काय टाकलं ते कुणालाच कळणार नाही, आणि घागरीवर तुमचा भंडारा असेल, म्हणजे खोटा दाणा टाकायची कुणाची छाती होणार नाही."

बाबांचा चेहरा उतरला. "आसलं केल्यानं बांधनी सुटती," ते पुटपुटले.

"तोंड कुटं उघडायचंय बाबा?" दिनकरराव म्हणाले. त्यांना साप्ताहिकात छापायला पुरावा हवा होता. "हून जाऊ द्या. पांढरीशुभ्र घागर निगंल."

काट्यानं काटा काढणं म्हणतात तसंच हे होतं. भंडाऱ्याच्या धाकावर खरं काढून घेणं मला फारसं आवडलं नव्हतं, पण त्या लोकांपाशी त्या दिवशी दुसरा धाक नव्हता.

एकेक जण येत गेला. कापडाखाली हात गेला की माणूस क्षणभर थांबायचा. सरजाबाई काठी टेकत आल्या. दिनकररावही थांबले, जरा जास्तच थांबले. शेवटी गुरुजींनी पांढरं धोतर अंथरलं आणि घागर उपडी केली.

धोतरावर तूर सांडली. मधे कुठं कुठं ज्वारीचा दाणा दिसत होता, पण सगळीकडं तुरीचा लाल रंग होता.

सगळे आधी धोतराकडं आणि मग एकमेकांकडं बघत राहिले. इतके दिवस प्रत्येकजण दार लावून एकट्यानंच झुरत होता, आणि शेजारचंही दार त्याच कारणानं लागलेलं होतं.

सरजाबाई काठीवर जोर देऊन उठल्या. "ह्यातला एक माजा हाय," त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "माज्या मातीसाठी ठिवलेले तोडे गेले. मला वाटलं, समद्या गल्लीत मीच एकली पापी."

"आमची कळशी गेली," मागून एक बाई म्हणाली. मग एकजण बोरमाळ म्हणाला, एकजण सुनेच्या पाटल्या. सगळ्यात शेवटी दिनकरराव खाली बघत म्हणाले, "आमची आंगठी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. मी बायकोलाबी बोलू दिलं न्हाई."

"तोंड उघडलं," बाबा ओरडले. "बांधनी सुटली. आता चोर घुसतील."

"बाबा," लिंबाजी गुरुजी म्हणाले, "चोऱ्या तर तोंड उघडायच्या आधीच झाल्यात."

गर्दीतून पहिल्यांदा हसू फुटलं. मी विचारलं, "काळा दोरा कुणी कुठं बांधून घेतला होता?" कुणी संदूक म्हणालं, कुणी उतरंड, कुणी भिंतीतलं कपाट. म्हणता म्हणता त्यांचं त्यांनाच कळलं. चोराला घर शोधावं लागतं, घरात पेटी शोधावी लागते. इथं बाबांच्या शिष्याला घरवाल्यांनीच बोट धरून ठेव्यापाशी नेलं होतं आणि वर खूणही बांधून घेतली होती. बायका खुरपायला गेल्या की भर दिवसा यायचं आणि दोरा बघून उघडायचं. पकडला जायचं भय नाही, कारण चोरी झाली म्हणायलाच बंदी. खिळ्यांनी चोर अडला नव्हता, शपथेनं फक्त तक्रार अडली होती.

शिष्य तोवर गर्दीतून सटकला होता. जमादारानं त्याला एसटी स्टँडवर धरलं. बाबांना लोकांनी हात लावला नाही, ठाण्यावर मात्र पोचवलं. सगळ्यात आधी तक्रार सरजाबाईंनी दिली, गुरुजींनी ती शेजारी बसून लिहिली. काही जिनसा सापडल्या. सरजाबाईंचे तोडे नाहीत सापडले, ते केव्हाच आटवून झाले होते.

साप्ताहिकाच्या पुढच्या यादीत गढी गल्ली सगळ्यात खाली गेली, भीमनगरच्याही खाली. दिनकररावांनी पाटी स्वतः काढली. वाचनालयाच्या ओसरीवर गुरुजींनी सरकून त्यांना जागा दिली आणि म्हणाले, "या, बसा आमच्या बाजूला. हितं निदान खरं तरी बोलता येतं." दिनकरराव बसले.

त्या वेळी गल्ली जास्त वाईट झाली नव्हती. ती पहिल्यांदा बोलायला लागली होती. तोडे गेल्याचं कळल्यापासून बाया सरजाबाईंकडं जाऊन बसायच्या. एकदा त्या मला दारातून म्हणाल्या, "तोडे गेले ते गेले, भाऊ. पर माती कोन करील ह्याचा घोर आता न्हाई." संध्याकाळी भिंतीपलीकडं भांडण पुन्हा सुरू झालं. नवऱ्याला बाबांची सगळी हकीकत सांगून वर त्याच म्हणत होत्या, "तुमी आसतात तर तुमीबी दोरा बांधून घेतला आसता. लय भोळे." मी ताट पुढं ओढलं. त्या दिवशी माझी भाकरी गोड लागली, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

मंडळी, लिंबातलं रक्त ओळखणं सोपं आहे. शून्य ओळखणं अवघड, कारण ते कागदावर स्वच्छ दिसतं. उद्या कुणी बाबा असो की साहेब, तुमच्यापुढं शून्य ठेवून चमत्कार झाला म्हणाला, तर नमस्कार करण्याआधी विचारा: मोजलं कुणी, विचारलं कुणाला, आणि बोलायला भ्यालं कोण? आणि शेजारचं घर एकाएकी गप्प झालं असेल, तर यादी छापून यायची वाट बघू नका. जाऊन कडी वाजवा.